लार्जमाऊथ, स्मॉलमाऊथ की स्पॉटेड? गोड्या पाण्यातला बास ओळखायचा कसा?

मुलुंडचा_मामा (धागाकर्ता)

मंडळी, अब्रूचा प्रश्न आहे.

भाचा अमेरिकेत टेनेसीत नोकरीला आहे. सुट्टी मिळाली की गळ घेऊन तळ्यावर. मासा लागला की फोटो आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतो आणि खाली ठरलेलं वाक्य, "मामा, सांग हा कोणता?" घरात मासे आणण्याचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे. दादरला कुणी तोवर मासा दाखवून सुरमईचा भाव सांगितला तर मी पिशवी उचलून पुढे जातो. पण हा बास नावाचा प्राणी मी आयुष्यात हातात घेतलेला नाही.

फोटो तीन आहेत. इथे चढत नाहीयेत, म्हणून वर्णन करतो.

पहिला: हिरवट अंग, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत काळसर तुटक पट्टा. भाच्याने अंगठा जबड्यात घालून धरलाय, त्यामुळे तोंड आ वासलेलं.

दुसरा: तपकिरी, तांब्याच्या भांड्यासारखी झाक, अंगावर फिकट उभे पट्टे, डोळा लालसर.

तिसरा: रंगाने पहिल्याचा सख्खा भाऊ. पट्टाही तसाच. पण तोंड लहान वाटतं आणि पोटाच्या बाजूला बारीक ठिपक्यांच्या रांगा.

हा नुसता टाइमपास नाही. तिकडे जातीप्रमाणे नियम वेगळे. एकाला किमान लांबी, दुसऱ्याला नाही, दिवसाला किती ठेवायचे तेही वेगळं. चुकीचा मासा डब्यात सापडला तर दंड. त्याच्या तीन मित्रांची तीन मतं आहेत. इथल्या जाणकारांनी निवाडा करावा.

गिरगाव_फणसवाडी

शीर्षकात 'बास' वाचून वाटलं संपादक धागा बंद करताहेत.

मुलुंडचा_मामा

हा विनोद येणार याची खात्री होती, फक्त पहिल्याच प्रतिसादात येईल असं वाटलं नव्हतं.

अटलांटाचा_आगरी

मामा, मी शेजारच्या जॉर्जियात असतो आणि हेच उद्योग करतो. सोपं आहे. काळा आडवा पट्टा असेल तर लार्जमाऊथ, उभे पट्टे असतील तर स्मॉलमाऊथ. म्हणजे १ आणि ३ लार्जमाऊथ, २ स्मॉलमाऊथ. भाच्याला सांगा निर्धास्त राहा.

यारी_रोड

आगरीदादा, दोन नंबरबद्दल सहमत. बाकी नाही. स्पॉटेडलाही आडवा पट्टा असतोच, आणि नेमकी त्यामुळेच लोकांची फसगत होते. रंग हा या माशांत सगळ्यात बेभरवशाचा पुरावा. गढूळ पाण्यातला लार्जमाऊथ इतका फिका पडतो की पट्टा शोधावा लागतो, आणि शेवाळाच्या तळ्यातला गडद हिरवा दिसतो. स्मॉलमाऊथचे उभे पट्टेसुद्धा कधी ठळक, कधी गायब.

मी वर्सोव्याच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेत शिकले. वर्गीकरणाच्या प्रात्यक्षिकात आम्हाला फॉर्मलिनमधले मासे द्यायचे. त्यांचा रंग उडालेला, सगळे सारखेच पिवळट. तेव्हा रंग सोडून बाकी सगळं बघायची सवय लागते. मी असं बघेन:

आधी जबडा. तोंड मिटलेलं असताना वरच्या जबड्याचं हाड मागे कुठे संपतं? डोळ्याच्या मागच्या कडेच्याही पलीकडे जात असेल तर लार्जमाऊथ. साधारण डोळ्याच्या मध्याखाली संपत असेल तर स्मॉलमाऊथ. स्पॉटेडचं डोळ्याच्या मागच्या कडेच्या आसपास येतं, पण पलीकडे जात नाही.

मग पाठीवरचा पर. पुढचा भाग काटेरी, मागचा मऊ. लार्जमाऊथमध्ये या दोघांच्या मध्ये इतकी खोल खाच असते की दोन वेगळे परच वाटतात. स्मॉलमाऊथ आणि स्पॉटेडमध्ये खाच उथळ, पर सलग.

तिसरं म्हणजे जीभ. जिभेच्या मध्यावर बोट फिरवायचं. स्पॉटेडच्या जिभेवर बारीक दातांचा चौकोनी ठिगळ असतो, पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो. लार्जमाऊथची जीभ बहुधा गुळगुळीत. 'बहुधा' म्हणते, कारण काही लार्जमाऊथमध्येही असा ठिगळ सापडतो. म्हणून एकट्या जिभेवर निकाल द्यायचा नाही.

आता पहिल्या फोटोची अडचण कळली का? भाच्याने तोंड उघडून धरलंय. उघड्या तोंडात जबडा पुढे सरकतो, डोळ्याशी मोजमाप जुळत नाही. तोंड मिटवून, बाजूने, पाठीचा पर ताणून काढलेला फोटो मागवा.

अटलांटाचा_आगरी

ताई, पुस्तकात ठीक आहे हो. इथे मासा हातात तडफडत असतो, त्याच्या जिभेवरून बोट कोण फिरवत बसणार?

यारी_रोड

तुम्ही फोटोसाठी अंगठा घालताच की त्याच तोंडात.

वेसावकर

+१ यारी रोड. ताई, आमच्या गावातच शिकलात म्हणायचं.

रंगाबद्दल माझा अनुभव उलटा आहे हं. आमच्या आईला टोपलीतला मासा न उचलता कळायचा. तोवर आणि सुरमई तर पाटावर ठेवायच्या आधीच वेगळ्या. सुरमईच्या कुशीवर नागमोडी उभ्या रेघा, तोवरवर गोल ठिपके. पापलेट आणि कापरी लांबून ओळखायची. रावस आणि दाढा यांत गिऱ्हाईक गडबडतं, कोळीण नाही. आता ही सगळी ओळख दिसण्यावरूनच ना?

यारी_रोड

वेसावकर, रेघा आणि ठिपके ही नक्षी झाली, रंग नव्हे. नक्षी मी पण धरते, म्हणून तिसऱ्या फोटोतल्या ठिपक्यांच्या रांगा मला महत्त्वाच्या वाटतात. मधल्या रेषेच्या खाली खवल्यांवर ओळीने ठिपके हे स्पॉटेडचं लक्षण. आणि तुमच्या आईंना जे एका नजरेत कळायचं त्यात डोक्याचा उतार, कल्ल्याचं झाकण, शेपटीची फाक हे सगळं एकदम बघितलं जात असणार. विचारलं तर त्या सांगतील "दिसतंच की!"

वेसावकर

हुबेहूब हेच सांगायची. वर "डोळे कशाला दिलेत" हेही.

शुद्ध_शाकाहारी

माझं सोपं आहे. मला सगळे मासे सारखेच दिसतात.

सुगरण_पार्ल्याची

एक भाबडा प्रश्न. हॉटेलात 'ग्रिल्ड बासा' मिळतो तो हाच का? मुलांना काटे नसल्यामुळे फार आवडतो.

वेसावकर

नाही हो ताई! बासा म्हणजे पंगास. मिशीवाला, खवले नसलेला, आपल्या शिंगाळ्याच्या गोतातला. मूळचा मेकाँग नदीकडचा, आता आंध्रात पण तळ्यांतून ढिगाने काढतात. बासशी नातं काही नाही. काटे नसतात असं नाही, तुकडा काढतानाच काढून टाकलेले असतात.

माहीमची_बंगालीण

आणि हाच बासा भेटकी म्हणून खपवतात, तेव्हा माझं डोकं फिरतं! माझं माहेर कोलकात्याचं, लग्न करून माहीमला आले, मराठी इथेच शिकले. भेटकी म्हणजे तुमचा जिताडा. एका केटररने लग्नात 'भेटकी फ्राय' म्हणून जे वाढलं ते तोंडात पाणी सुटायच्या ऐवजी ताटात पाणी सोडत होतं.

फसायचं नसेल तर तुकडा कातडीसकट मागा. जिताड्याला मोठे खवले असतात, खवले काढले तरी कातडीवर त्यांचे घर दिसतात. पंगासची कातडी साफ गुळगुळीत. दुकानदार "कातडीवाला नाही येत" म्हणाला की समजून जायचं.

खारेपाटी

जिताड्याचं नाव निघालं म्हणून लॉगिन झालो. आम्ही पेणकडचे. आमच्याकडे घरामागे तळं आणि तळ्यात जिताडा ही जुनी पद्धत. पावसाळ्यात खाडीत सापडणारी पिल्लं आणून गोड्या पाण्यात सोडायची. चवळीच्या शेंगेएवढं पिल्लू बघता बघता हातभर होतं. जावई येणार असला की तळ्याकडे फेरी.

धाग्याच्या विषयाला धरून: बाकीचं जग ज्याला बास म्हणतं तशी आपली वस्तू कुठली असेल तर ती हीच. इंग्रजीत त्याला एशियन सीबास म्हणतात, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. ओळखायचा कसा? डोळ्याच्या वर कपाळ खोलगट, आत दाबल्यासारखं. खालचा जबडा पुढे. शेपूट गोल, फाकलेली नाही. रात्री बॅटरी मारली की डोळे गुलाबी चमकतात. आणि साफ करताना कल्ल्याच्या झाकणाला सांभाळा. त्याच्या कडेला करवतीचे दाते आणि कोपऱ्यात काटा असतो, बोट असं चिरतं की दोन दिवस मिठाला हात लावता येत नाही. नवीन सुनेला आमच्याकडे हा धडा पहिल्याच जिताड्याला मिळतो.

यारी_रोड

खारेपाटी, झकास. थोडी भर: जिताडा आणि अमेरिकन बास यांच्यात रक्ताचं नातं नाही. जिताडा हा नाईल पर्चचा भाऊबंद. लार्जमाऊथ, स्मॉलमाऊथ, स्पॉटेड हे तिघे सनफिशच्या कुळातले. अमेरिकेत व्हाइट बास, स्ट्राइप्ड बास म्हणून आणखी मासे आहेत, ते तिसऱ्याच कुळातले. मोठं तोंड, पाठीवर काटेरी पर आणि शिकारी स्वभाव दिसला की लोक बास म्हणून मोकळे होतात.

जिताड्याची आणखी एक गंमत म्हणजे तो वयात येतो तेव्हा नर असतो, पुढे मोठा झाल्यावर मादी होतो. त्यामुळे भला मोठा जिताडा कापला आणि गाबोळी निघाली तर नवल नाही.

गिरगाव_फणसवाडी

जावयाला हे सांगता की नाही?

खारेपाटी

जावई आधी खातो, मग विचारतो.

काचपेटी

बासचा विषय चाललाय तर आमच्या शौकीन मंडळींचा पीकॉक बास पण येऊ द्या. कुर्ल्याच्या आणि क्रॉफर्ड मार्केटच्या माशांच्या दुकानांत बोटभर पिल्लं मिळतात. पिवळसर अंग, शेपटीच्या मुळाशी डोळ्यासारखा, सोनेरी कडेचा काळा ठिपका. दुकानदार कुठलंही पिल्लू दाखवतो आणि 'टेमेन्सिस' म्हणून जास्त पैसे लावतो. पिल्लूपणी या जाती वेगळ्या करणं महाकठीण. मोठे झाल्यावर टेमेन्सिसच्या डोळ्यामागे गालावर काळे डाग येतात, ओसेलारिसमध्ये ते नसतात. पण तोवर त्याने तुमच्या टाकीतले बाकीचे भाडेकरू संपवलेले असतात.

एक कळकळीची विनंती. मोठा झाला, परवडत नाही, म्हणून पवईत किंवा विहारमध्ये नेऊन सोडू नका. दुकानात परत द्या, कुणा शौकिनाला द्या, पण तलावात नको.

पवईचा_गळ

काचपेटी, साष्टांग. पवईला गळ टाकून बसणाऱ्या आम्हा लोकांना हल्ली काय लागेल याचा नेम नसतो. कटला-रोहूची वाट बघावी आणि वर यावी चिलापी (तिलापिया). पाण्यात मगरी आहेत त्या वेगळ्याच. बास नाही, पण रोहू, कटला, मृगळ यांच्यात घोळ घालणारे काठावर रोज भेटतात, म्हणून माझं ज्ञान पाजळतो.

कटला: डोकं अवाढव्य, तोंड वर वळलेलं, खालचा जबडा पुढे, मिशा नाहीत. वरच्या थरात खातो.
रोहू: डोकं त्या मानाने लहान, तोंड खालच्या बाजूला, ओठांना झालर. खवल्यांवर लालसर झाक. मधल्या थरात.
मृगळ: लांबट, चंदेरी, ओठ पातळ, झालर नाही. तळाशी चरतो.
सायप्रिनस (कॉमन कार्प): दोन जोड्या मिशा, पाठीवरचा पर लांबलचक आणि त्याच्या पहिल्या काट्याला दाते.

चौघांचीही तोंडं बघा, कोण कुठल्या थरात जेवतो ते तोंडावर लिहिलेलं असतं. त्यामुळे यारी रोड ताईंचं "आधी जबडा" मला एकदम पटलं.

दूर_देशी

चिलापीवरून आठवलं, ती पण बाहेरचीच. मोझांबिक चिलापी भारतात १९५२ साली आणली. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे तळ्यात एकदा शिरली की कुटुंब वाढतच जातं. हल्ली नाईल चिलापी पण दिसते, तिच्या शेपटीवर उभ्या बारीक रेघा असतात.

आणि ज्या बासचं मामांच्या भाच्याला एवढं कौतुक, तो लार्जमाऊथ जपानने १९२५ साली आशी तलावात आणून सोडला. तिथून तो देशभर पसरला, देशी मासे फस्त केले, आणि शेवटी २००५ मध्ये त्यांनी कायदा करून त्याची ने-आण आणि पाळणं बंद केलं. पण विक्रमही तिथेच झाला. सगळ्यात मोठ्या लार्जमाऊथचा विक्रम १९३२ पासून जॉर्जियातल्या जॉर्ज पेरीच्या नावावर होता, २२ पौंड ४ औंस. २००९ मध्ये मानाबू कुरिताने बिवा सरोवरात त्याची बरोबरी केली. विक्रमाच्या पुस्तकात दोघांचीही नावं आहेत.

अटलांटाचा_आगरी

पेरी आमच्या राज्याचा! आणि मामा, तुमच्या भाच्याच्या टेनेसीलाही मान आहे. स्मॉलमाऊथचा विक्रम टेनेसी-केंटकीच्या सीमेवरच्या डेल हॉलो तलावातला, १९५५ चा, ११ पौंड १५ औंस.

बाकी ताईंच्या सांगण्यावरून काल जिभेवर बोट फिरवून बघितलं. ज्याला मी डोळे झाकून लार्जमाऊथ म्हणालो असतो त्याची जीभ खरखरीत निघाली. पाठीचा परही सलग. आडव्या पट्ट्यावरचं माझं विधान अर्धं मागे घेतो. अर्धंच.

यारी_रोड

अर्धं पुरे आहे. फसण्यात तुम्ही एकटे नाही. १८०२ साली लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञाकडे स्मॉलमाऊथचा जो नमुना पोचला त्याच्या पाठीच्या पराचा मागचा भाग तुटका होता. त्याला वाटलं, हा वेगळा चिमुकला पर. त्याच समजुतीवर त्याने या माशांना 'लहान पराचा' असं शास्त्रीय नाव दिलं, ते आजही चालू आहे.

शुद्ध_शाकाहारी

म्हणजे मी आणि लासेपेद एकाच पंक्तीत.

मुलुंडचा_मामा

धाग्याने पवई, पेण आणि पार जपान बघितलं, आता जरा मुलुंडला या.

भाच्याला सगळं वाचून दाखवलं. पहिल्या माशाचा पाण्यात सोडतानाचा व्हिडिओ त्याच्याकडे निघाला. तोंड मिटलेलं, जबडा डोळ्याच्या बराच मागे, पाठीवर दोन पर अगदी वेगळे दिसतात. दुसऱ्याबद्दल वाद नव्हताच. तिसऱ्याचा पर सलग दिसतो, जबडा डोळ्याच्या आतच संपतो. जीभ बघ म्हटलं तर उत्तर आलं, "मामा, तो तळून खाल्ला."

पवईचा_गळ

पुरावा नष्ट करणे, कलम लावा.

यारी_रोड

मग पहिला लार्जमाऊथ, दुसरा स्मॉलमाऊथ, यावर मी सही करते. तिसऱ्यावर पेन्सिलीने 'स्पॉटेड' लिहा. दोन कारणं आहेत.

एक, मासा केवढा होता? लार्जमाऊथचं पिल्लू असेल तर त्याचाही जबडा डोळ्यापलीकडे गेलेला नसतो. वीतभर माशाला जबड्याची कसोटी लावायची नाही. तिथे शेपूट बघायची. लहान स्मॉलमाऊथ आणि स्पॉटेडच्या शेपटीत नारिंगी, काळा, पांढरा असे तीन रंग असतात, लार्जमाऊथच्या पिल्लात तसे नसतात.

दुसरं जास्त त्रासाचं आहे. अलाबामा बास म्हणून एक आहे. २००८ पर्यंत त्याला स्पॉटेडचीच पोटजात मानायचे, मग वेगळी जात ठरली. दिसायला इतका सारखा की फोटोवरून मी तरी सांगणार नाही. लोकांनी हौसेने तो नको त्या तळ्यांत नेऊन सोडला, टेनेसीतही पोचलाय, आणि स्मॉलमाऊथशी त्याचा संकर होतो. संकरित माशात जबडा एकाचा, पट्टे दुसऱ्याचे. तिथे डीएनए तपासण्यावाचून गत्यंतर नाही.

भाच्याने त्या तळ्याचे नियम बघून ठेवावेत. आणि शंका असेल तो मासा परत पाण्यात.

मुलुंडचा_मामा

वीतभर नव्हता, चांगला दीड वीत होता. शेपटीत रंग नाहीत. पेन्सिलीने स्पॉटेड लिहितो. ग्रुपवर मात्र मी पेनाने लिहिलंय, ते तुम्ही कुणी सांगू नका.

अटलांटाचा_आगरी

भाचा हा धागा वाचत असेल तर?

मुलुंडचा_मामा

त्याला मराठी वाचायचा कंटाळा. म्हणून तर वाचून दाखवावं लागलं.

नेरळचा_नवशेतकरी

जरा अवांतर, खारेपाटींना प्रश्न. नेरळला थोडी जागा घेतलीय, शेततळं आहे. आत चिलापी आपोआप झालीय. जिताडा सोडला तर जगेल का? पुढे त्याची पिल्लं होतील का?

खारेपाटी

जगेल, आणि चिलापी आहे म्हणजे त्याचं जेवण तयार आहे. पिल्लं मात्र होणार नाहीत. जिताडा वाढतो गोड्या पाण्यात, पण अंडी घालायला त्याला खारं पाणी लागतं. दरवेळी बीज विकत आणावं लागेल.

खाडीच्या पिल्लांवर अवलंबून राहू नका, हॅचरीचं बीज घ्या. ते खाऱ्या पाण्यातलं असतं, थेट तळ्यात ओतलंत तर मरेल. आधी टाकीत ठेवून थोडं थोडं गोडं पाणी वाढवत सवय लावायची. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे एका मापाचीच पिल्लं सोडा. हे एकमेकांना खातात. मोठं-लहान एकत्र पडलं की पैसे शंभर पिल्लांचे मोजलेले असतात आणि तळ्यात पाच माजलेले गुंड फिरतात. मधून मधून जाळं मारून माप बघून वेगळे करत राहायचं.

तळ्याची लांबी-रुंदी आणि उन्हाळ्यात पाणी किती टिकतं ते व्यनित (व्यक्तिगत निरोपात) कळवा, मग बीज किती टाकायचं ते सांगतो.